शेतीमंत्र्याची सही

२७ डिसेंबर जवळ आला की वऱ्हाडातल्या मित्रमंडळींकडून दर वर्षी एक फोटो येतो. डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख, भोवती झेंडूची चौकट आणि खाली ओळ: 'स्वतंत्र भारताचे पहिले कृषिमंत्री यांना विनम्र अभिवादन'. अभिवादनाला माझी काहीच हरकत नाही. उलट महाराष्ट्रात ज्यांना रोज अभिवादन केलं जातं त्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा या माणसाचा हक्क मोठा आहे. हरकत आहे ती त्या ओळीला. ती चूक आहे.

स्वतंत्र भारताचे पहिले अन्न आणि शेतीमंत्री राजेंद्रप्रसाद. तेच, पुढे राष्ट्रपती झालेले. त्यांच्यानंतर १९४८ मध्ये जयरामदास दौलतराम आणि १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शी. पंजाबराव आले ते १९५२ च्या पहिल्या निवडणुकीनंतर, आणि १९६२ पर्यंत राहिले. म्हणजे पहिले नव्हेत, चौथेही नव्हेत. कारण कॅबिनेटमधलं 'अन्न आणि शेती' हे खातं १९५२ साली रफी अहमद किडवाईंकडे गेलं. किडवाई १९५४ मध्ये वारले, मग अजितप्रसाद जैन आले, आणि १९५९ पासून आपले मुंबईचे स. का. पाटील. पंजाबराव या तिघांच्या हाताखालचे शेतीचे मंत्री होते. कॅबिनेटच्या बाहेरचे.

तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला काढायचा? पहिले काय नि दुसरे काय, माणूस मोठा होता ना? होता. म्हणूनच कीस काढायचा. 'पहिले कृषिमंत्री' म्हटलं की वाटतं, वऱ्हाडातल्या पापळ गावच्या शेतकऱ्याच्या पोराच्या हातात देशाच्या शेतीच्या किल्ल्या आल्या होत्या. तशा त्या कधीच आल्या नव्हत्या. आणि शेतीमंत्र्याच्या हातात किल्ल्या द्यायच्या नसतात, हा जो आपल्या राज्यकारभाराचा अलिखित नियम आहे, तो झेंडूच्या चौकटीखाली छान झाकला जातो. आजच्या लेखात मला ती चौकट काढायची आहे.

आधी माणूस कोण होता ते थोडक्यात. जन्म १८९८. फर्ग्युसनमध्ये शिकता शिकता १९२० साली विलायतेला गेले. एडिंबरोला एम. ए., मग बॅरिस्टर, आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट. आता गंमत बघा. शेतीमंत्री म्हणून दहा वर्षं काढणाऱ्या या माणसाची डॉक्टरेट शेतीतली नव्हती. वेदवाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास हा विषय! प्रबंध १९३३ साली ऑक्सफर्डच्याच छापखान्यातून पुस्तकरूपाने आला. म्हणजे ज्या वेदांना हात लावायचा अधिकार कुणब्याला नाही असं अमरावतीत सांगितलं जात होतं, त्या वेदांवर हा माणूस साहेबाच्या विद्यापीठात पंडित होऊन आला. आणि आल्याबरोबर काय केलं? १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळीत उभा राहिला. त्याच सुमारास जातीबाहेर लग्न केलं. १९३० साली मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून जाऊन शिक्षणमंत्री झाला, आणि १९३२ मध्ये देवस्थानांचा पैसा लोकांच्या कामी यावा म्हणून विधेयक आणलं. देवस्थानांच्या पैशाला हात! आजसुद्धा कुणी करून दाखवावं. वर श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, जिच्यामुळे वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या शाळेत गेल्या. पुढे घटना समितीचे सदस्य.

असा माणूस दिल्लीला शेतीखात्यात जातो. आणि मग?

इथे मी माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. मी खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करण्याच्या तंत्रावर काम करतो (बहरीनमध्ये दुसरं करणार काय!). अशा प्लँटमध्ये एक साधा नियम असतो. ज्याच्या हातात व्हॉल्व्ह नाही त्याला प्रेशर का वाढलं म्हणून जाब विचारायचा नाही. जबाबदारी एकाकडे आणि व्हॉल्व्ह दुसऱ्याकडे असा प्लँट कुणी उभारत नाही, आणि उभारलाच तर तो फुटतो. सरकारं मात्र असे प्लँट खुशाल उभारतात, आणि फुटतो तो शेतकरी.

'अन्न आणि शेती' या जोडनावातच सगळं आलं. अन्न आधी, शेती मागून. अन्नमंत्र्याचं काम म्हणजे शहरात धान्य स्वस्त ठेवणं. शेतीमंत्र्याचं काम म्हणजे शेतकऱ्याला परवडेल असं पाहणं. ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं नाही, पण वाईट वर्षात ती समोरासमोर येतात. आणि त्या वेळी कॅबिनेटमध्ये बसलेला असतो तो अन्नवाला. शेतीवाला बाहेर.

काय झालं ते तारखांसकट पाहा. ऑगस्ट १९५६ मध्ये अमेरिकेशी पी. एल. ४८० खालचा पहिला करार झाला. रुपयांत पैसे द्यायचे आणि अमेरिकेचा शिलकीतला माल घ्यायचा. त्या पहिल्याच करारात गव्हाबरोबर कापूसही होता. कापूस! वऱ्हाडच्या खासदाराच्या डोळ्यांदेखत. पुढे १९५५ साली स्वतःच काढलेल्या भारत कृषक समाजातर्फे पंजाबरावांनी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. ११ डिसेंबर १९५९ ला त्याचं उद्घाटन झालं आणि पाहुणे कोण, तर खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर. देशभरचे शेतकरी दिल्ली पाहायला आले, यंत्रं पाहिली, बियाणी पाहिली. पंजाबरावांच्या आयुष्यातला हा सर्वांत झगमगता प्रसंग. आणि त्यानंतर पाच महिन्यांनी, मे १९६० मध्ये, वॉशिंग्टनमध्ये त्याच आयसेनहॉवरसाहेबांबरोबर स. का. पाटलांनी सही केली. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. प्रदर्शन पंजाबरावांचं, सही पाटलांची.

हा गहू आणल्याबद्दल मी पाटलांना खलनायक ठरवत नाही. लोकांना खायला घालायचं होतं, आणि उपाशी माणसापुढे धोरणाची चर्चा करता येत नाही. पण बाहेरचा स्वस्त गहू धो धो ओतल्यावर इथल्या शेतकऱ्याला काय भाव मिळेल आणि तो पुढच्या वर्षी का पेरेल, हा प्रश्न त्या टेबलावर कुणी विचारायचा? ज्याने विचारायचा तो खोलीत नव्हता. त्याच्या वाट्याला काय होतं? जपानी पद्धतीने भातलागवडीची मोहीम, प्रदर्शनं, मेळावे, संघटना. म्हणजे पीक कसं वाढवावं हे सांगण्याचा अधिकार होता. वाढलेल्या पिकाला काय मिळावं हे ठरवण्याचा नव्हता.

शेतमालाच्या भावांचा विचार करणारा आयोग देशात स्थापन झाला जानेवारी १९६५ मध्ये, सी. सुब्रह्मण्यम शेतीमंत्री असताना. स्वातंत्र्यानंतर सतरा वर्षांनी! पंजाबराव १० एप्रिल १९६५ ला गेले. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये झालं, त्याला त्यांचं नाव. पीककर्जाच्या व्याजसवलतीच्या योजनेला त्यांचं नाव. वसतिगृहभत्त्याला त्यांचं नाव. कृषिरत्न पुरस्काराला त्यांचं नाव. आणि जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंगांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं त्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांच्या यादीत अमरावती जिल्हा. नाव सगळीकडे, किल्ली कुठेच नाही.

आता थोडं समुद्रापलीकडे बघू. मी राहतो त्या गुदैबियात, मनामाच्या या जुन्या भागात, संध्याकाळी खब्बाजच्या भट्टीवर रांग लागते. तंदूरमधून लांबट रोट्या निघत असतात, आणि भट्टी बऱ्याचदा मूळच्या इराणी घराण्यातल्या माणसाची. इराण इथून आखाताच्या पलीकडे, पण त्याच्या बातम्या आपल्याकडे पोचतात त्या फक्त अणुबाँबच्या आणि तेलाच्या. मला तिथल्या एका शेतीमंत्र्याची गोष्ट सांगायची आहे, कारण ती पंजाबरावांच्या गोष्टीची आरशातली प्रतिमा आहे.

ईसा कलांतरी. यांची डॉक्टरेट मात्र शेतीतलीच, अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शेतीमंत्री झाले, रफसंजानींची आठही वर्षं राहिले, आणि १९९७ मध्ये सुधारणावादी खातमी निवडून आले तेव्हा त्यांच्याही मंत्रिमंडळात. सगळी मिळून बाराएक वर्षं. पण खातं कसं? क्रांतीनंतर तिथे 'जिहाद-ए-साझंदगी' म्हणजे पुनर्रचनेचं एक दुसरंच मंत्रालय निघालं होतं. पिकं शेतीमंत्र्याकडे, जनावरं, मासे, जंगल या दुसऱ्याकडे, आणि धरणं व नद्यांचं पाणी ऊर्जामंत्रालयाकडे. एका शेतकऱ्याचे तीन मालक. गव्हाची स्वयंपूर्णता हा तर राज्याच्या अभिमानाचाच विषय, त्यावर शेतीमंत्र्याने वेगळं मत ठेवायचंच नाही. २०००-०१ मध्ये शेवटी ही दोन मंत्रालयं एक केली, आणि नव्या मंत्रालयाच्या खुर्चीवर बसवलं दुसऱ्यालाच. खातं जोडलं तेव्हा माणूस काढला.

पुढे २०१३ मध्ये रूहानी आले. तोवर उर्मिया सरोवर आटत चाललं होतं. त्या दशकाच्या मध्याला ते मूळच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यावर आलं. कलांतरींना ते वाचवण्याच्या कामावर नेमलं, आणि हा गृहस्थ बोलायला लागला. देशाला खरा धोका अमेरिकेपासून किंवा इस्राएलपासून नाही, पाणी संपण्यापासून आहे, हे तेहरानमध्ये बसून वर्तमानपत्राला सांगणं म्हणजे काय याची कल्पना करा. २०१५ मध्ये म्हणाले, असंच चाललं तर पाच कोटी इराण्यांना देश सोडावा लागेल. देशातलं जवळजवळ नव्वद टक्के पाणी शेतीत जातं, आणि हे सांगणारा माणूस माजी शेतीमंत्री!

२०१७ मध्ये ते पर्यावरण खात्याचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली उपप्रमुख म्हणून लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून कावे मदनी नावाचा तरुण पाणीतज्ज्ञ मायदेशी परतला. परदेशस्थांनो, परत या, देशाला तुमची गरज आहे, या हाकेला ओ देणारा. त्याला आल्या आल्या सुरक्षायंत्रणांनी चौकशीला बसवलं, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये तो देश सोडून गेला. त्याच वर्षी जानेवारीत पर्यावरणाचं काम करणाऱ्या काही जणांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं होतं. त्यातले प्राध्यापक कावूस सैयद-इमामी फेब्रुवारीत कोठडीतच मरण पावले. कलांतरींनी जाहीरपणे सांगितलं की हेरगिरीचा कसलाही पुरावा नाही. पण सोडवू शकले का? नाही. सरकारचे उपाध्यक्ष म्हणवणारा माणूस, आणि तुरुंगाची किल्ली भलत्याकडेच.

आता कलांतरींना हार घालण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्यावर तिथे मोठा आक्षेप आहे की शेती आणि विहिरी बेसुमार वाढल्या त्या वर्षांत शेतीमंत्री कोण होतं? तुम्हीच! खुर्चीत असताना पाणी दिसलं नाही, खुर्ची गेल्यावर दिसलं. हा आक्षेप खरा आहे आणि 'माझ्या हातात धरणं नव्हती' एवढ्यावर तो सुटत नाही. ज्याच्याकडे व्हॉल्व्ह नाही त्याने निदान ओरडायचं तरी असतं, आणि तेही वेळेवर. बारा वर्षांत एकदा राजीनामा फेकून हे सगळं सांगितलं असतं, तर त्या सरोवराचं काय झालं असतं ते कुणी सांगावं. पंजाबरावांनाही हीच फूटपट्टी लावावी लागते. दहा वर्षं ते त्या बिनकिल्लीच्या खुर्चीत बसून राहिले. बाहेर शेतकऱ्यांची संघटना बांधली, ती मोठी गोष्ट. पण भावाच्या प्रश्नावर खुर्ची सोडली नाही. भक्तांना हे आवडणार नाही. नाइलाज आहे.

एकाची डॉक्टरेट वेदांतली, दुसऱ्याची पिकांतली. एक लोकशाहीतला, दुसरा मुल्लांच्या राज्यातला. ठेच एकाच उंबऱ्याला. तेव्हा 'परदेशात शिकलेला, स्वच्छ, अभ्यासू माणूस शेतीखात्यात बसवा, सगळं ठीक होईल' ही जी आपल्या सुशिक्षितांची लाडकी कल्पना आहे (आणि आम्हा परदेशी डॉक्टरांची तर फारच लाडकी!), ती सोडून द्या. खोट खुर्चीतल्या माणसात नंतर शोधू. आधी खुर्चीच तपासा.

जुन्या गोष्टी झाल्या म्हणाल, तर ही नवी घ्या. ७ डिसेंबर २०२३. त्या दिवशी केंद्रीय शेतीमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांचा राजीनामा मंजूर झाला, ते मध्य प्रदेशात आमदार होऊन गेले होते. शेतीखातं कुणाला दिलं? आदिवासी विकासमंत्री अर्जुन मुंडा यांना, 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून. निम्म्याहून अधिक देश ज्यावर जगतो ते खातं जोडकाम! आणि त्याच तारखेची, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलेली अधिसूचना कसली? कांद्याच्या निर्यातबंदीची. काढली कुणी? परकीय व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाने. कुणाच्या काळजीपोटी? ग्राहक व्यवहार मंत्रालयाच्या. ती दोन्ही मंत्रालयं तेव्हा एकाच माणसाकडे, पीयूष गोयल यांच्याकडे. कांदा पिकवणाऱ्याचा मंत्री या सगळ्यात कुठे होता? त्या दिवशी तो धड नेमलेलासुद्धा नव्हता. आणि पूर्णवेळ असता तरी त्याची सही लागतच नव्हती.

नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, भाव कोसळले. इथे गुदैबियात काय झालं तेही सांगतो. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून (बहरीनमध्ये वाणसामानाच्या दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात) नाशिकचा लाल कांदा गेला आणि दुसऱ्या देशांचा आला. आमच्या जेवणाचं फार अडलं नाही. गिऱ्हाईक दोन दिवस कुरकुरतं आणि मग जो मिळेल तो कांदा चिरतं. अडलं ते लासलगावचं. कारण एकदा गेलेला दुकानदार पुढच्या वर्षी 'बंदी उठली, या' म्हटल्यावर धावत येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने उदार होऊन काही देशांना ठरावीक कांदा द्यायचं ठरवलं. बांगलादेशला ५०,००० टन, मॉरिशसला १,२००, भूतानला ५६०, आणि आमच्या बहरीनला ३,०००. पंधरा लाखांच्या वर वस्तीचा देश, म्हणजे माणशी दोन किलोदेखील नाही. कुठल्या देशाने किती कांदा खावा हे दिल्लीत टनावारी ठरत होतं, आणि शेतकऱ्याला किती मिळावं हे ठरवायला तिथे खुर्चीच नव्हती. बंदी उठली मे २०२४ मध्ये, तीही ४० टक्के निर्यातशुल्क आणि टनाला ५५० डॉलरच्या किमान दराची बेडी घालून. शुल्क पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला.

महाराष्ट्रातलं खातं तरी बरं असेल? २०२० पासून जुलै २०२५ अखेरपर्यंत मोजा. दादा भुसे, अब्दुल सत्तार, धनंजय मुंडे, माणिकराव कोकाटे, दत्तात्रय भरणे. साडेपाच वर्षांत पाच. कांद्याचं एक पीक नीट समजून घ्यायला लागतो त्याहून कमी वेळ एकेकाला. यातले कोकाटे २०२५ मध्ये स्वतःच म्हणाले की शेतीखातं म्हणजे ओसाड गावची पाटीलकी. मग सभागृहात मोबाइलवर रमीचा डाव उघडल्याच्या चित्रफितीवरून गदारोळ झाला आणि त्यांचं ते खातं काढून क्रीडाखातं दिलं. रमीवर सगळा महाराष्ट्र तुटून पडला, हसला. 'ओसाड गाव' या शब्दावर जेवढं पेटून उठायला हवं होतं तेवढं कुणी उठलं नाही. रमी ही त्या माणसाची लायकी. पण ओसाड गावची पाटीलकी ही त्या खुर्चीची किंमत, आणि ती त्याने खरी सांगितली.

आता तुमचा आक्षेप येणार, आणि तो योग्य आहे: गरिबाने काय ऐंशी रुपये किलोने कांदा खायचा? शेतकऱ्याला भाव म्हणजे शहरातल्या मजुराच्या पोटाला चिमटा. या प्रश्नाचं उत्तर मी बहरीनकडे बोट दाखवून देतो. खब्बाजची रोटी इथे स्वस्त आहे. का? इथे गहू पिकत नाही, म्हणून पिळायला शेतकरीच नाही. मग सरकार पिठाला अनुदान देतं, स्वतःच्या तिजोरीतून. मांसालाही देत होतं. २०१५ मध्ये तेलाचा पैसा आटला तेव्हा ते काढून घेतलं आणि लोकांना कळलं कुणी काढलं ते. स्वस्ताई हवी ना? मग तिचे पैसे सगळ्यांनी मिळून, कर भरून, तिजोरीतून द्या. आपल्याकडे स्वस्ताईचं बिल एकाच माणसाच्या नावावर फाडलं जातं, आणि तो निफाडला किंवा दर्यापुरात बसलेला असतो. शरद जोशी याला 'उणे सबसिडी' म्हणत. स्वित्झर्लंडची संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून चाकणजवळ कोरडवाहू शेती करायला आलेला हा माणूस जन्मभर हे एकच गणित मांडत राहिला. आपण त्यांना 'बड्या शेतकऱ्यांचा पुढारी' म्हणून बाजूला सारलं.

दुसरा आक्षेप: शेतीमंत्र्याच्या हातात सगळं दिलं तर तो मतांसाठी पाणी उपसून देश वाळवंट करेल. तुझ्याच कलांतरींच्या इराणकडे बघ. हाही आक्षेप खरा. म्हणूनच मी म्हणतो की पाण्याचा हिशेब त्याच टेबलावर, त्याच सहीखाली यायला हवा. भाव एकीकडे, पाणी दुसरीकडे, वीज तिसरीकडे असली की प्रत्येक जण मतांचा पतंग उडवतो आणि मांजा दुसऱ्याच्या गळ्याला लागतो. महाराष्ट्रात लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचं जवळजवळ सत्तर टक्के पाणी पितो, असं केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच लिहून ठेवलं आहे. उसाला ठरलेला भाव आहे, गिऱ्हाईक ठरलेलं आहे, कांद्याला नाही. मग शेतकरी ऊस लावणार नाही तर काय करणार? त्याचा शेवट एप्रिल २०१६ मध्ये दिसला. मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी! बहरीनमध्ये एके काळी गोड्या पाण्याचे झरे होते, खजुराच्या बागा त्यावर पोसल्या. अधारीचा झरा तर प्रसिद्ध. उपसा वाढत गेला आणि झरा आटला. आज इथे नळाला येणारं पाणी मुख्यतः समुद्रातून काढलेलं. या बेटाकडे तेल होतं म्हणून ते वाचलं. लातूरकडे काय आहे?

तेव्हा मागणी साधी आहे, आणि ती मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवण्यासारखी आहे. शेतमालाची निर्यात थांबवायची, आयात उघडायची, साठ्यावर मर्यादा घालायची असेल तर त्या कागदावर शेतीमंत्र्याची सही असलीच पाहिजे. सहीबरोबर दोन आकडे. या निर्णयाने शेतकऱ्याचे किती रुपये बुडतील आणि सरकार त्यातले किती भरून देणार. आणि पीक वाढवण्याच्या प्रत्येक योजनेवर तिसरा आकडा, पाणी किती लागेल आणि ते कुठून येणार. हे कागद संसदेच्या आणि विधानसभेच्या पटलावर यावेत. बस्स. यात क्रांती नाही, नवा कायदा करायलाही फार अक्कल लागत नाही. जबाबदारी आणि व्हॉल्व्ह एका हातात द्यायचे, एवढंच. मग मंत्री नालायक निघाला तर त्याला धरता येईल. आज धरायला गेलं की तो वाणिज्यकडे बोट दाखवतो, वाणिज्य ग्राहकाकडे, ग्राहक खातं महागाईच्या आकड्याकडे, आणि शेवटचं बोट वळून आपल्याच ताटाकडे येतं.

ते शेवटचं बोट मात्र खोटं नाही. कांदा चाळीस रुपये झाला की 'आता सरकार काय झोपलंय का' म्हणून ओरडणारे आपणच, आणि चार रुपये झाला की गप्प बसणारेही आपणच. १९५२ पासून शेतीमंत्र्याला कॅबिनेटच्या दाराबाहेर उभा ठेवणारे नेहरू किंवा किडवाई एकटे नव्हते. आत बसलेल्या अन्नमंत्र्याच्या मागे सगळं शहर उभं होतं. आजही आहे. त्यात पुणं आहे, मुंबई आहे, आणि गुदैबियातल्या कोल्ड स्टोअरमधून पिशवी घेऊन निघणारे आम्हीही आहोत.

पंजाबरावांना 'पहिले कृषिमंत्री' म्हणू नका. ते होते त्याहून मोठं नाव देऊन त्यांना जे मिळालं नाही ते लपवू नका. महाराष्ट्राला, आणि देशालाही, ज्याच्या सहीवाचून कांद्याचं एक पोतंसुद्धा अडणार नाही आणि ज्याच्या सहीवाचून एक विहीरसुद्धा खोल जाणार नाही, असा पहिला शेतीमंत्री अजून मिळायचा आहे.